पुडी पोचली

त्यांच्याकडे गेलं की आधी शिंकायचं, नाव मागाहून सांगायचं.

म्हणजे कसं, ओटीवर एक लाकडी बाकडं होतं. पेशंटांनी त्यावर बसायचं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि त्या दारामागे डॉक्टर खुर्ची टाकून बसलेले असायचे. दिसायचे नाहीत. तुम्ही खाकरलात, नाक ओढलंत, शिंकलात, की आतून सावकाश प्रश्न यायचा, "निर्मळहून आलात का?" नाहीतर, "तुमच्याआधी घरात सासूला झाली होती ना?" माणूस दाराकडे बघतच राहायचा. कारण तो निर्मळहूनच आलेला असायचा आणि सासू घरी कांबळं पांघरून निजलेली असायची. मग खुर्ची सरकल्याचा आवाज व्हायचा, दार उघडायचं आणि पांढरा सदरा घातलेले उंच, वाळके डॉक्टर बाहेर यायचे. नाक एवढं लांब, की आधी नाक यायचं आणि मग डॉक्टर यायचे, असं बायका म्हणायच्या.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला शिंकच येईना. घरी सकाळपासून वीस-पंचवीस झाल्या होत्या, आणि इथे बाकड्यावर बसले तर नाक कोरडं ठणठणीत. शेजारी तीन बायका. त्याही माझ्या तोंडाकडे बघत थांबलेल्या. दाराआडून आवाज आला, "घाई नाही. येऊ द्या. मी आहे."

सकाळचे अकरा वाजले होते, वाडीत स्वच्छ ऊन होतं, केळीच्या पानांचा फडफडाट चालला होता. तरी माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या आपुलकीने माझ्या शिंकेची वाट आजवर कोणी बघितली नव्हती.

तेव्हा नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. आम्ही मूळचे कराडकडचे. यजमानांची नोकरी मुंबईत, तिथे जागा परवडेना, म्हणून विरारला बोळिंजमध्ये नव्या बिल्डिंगीत दोन खोल्या घेतल्या आणि प्लास्टर धड वाळायच्या आत राहायला आलो. भिंतींना हात लावला की हात ओला व्हायचा. तेव्हापासून रोज सकाळी उठले की माझ्या शिंका सुरू. कोणीतरी सांगितलं, नंदाखालला वाडीत एक होमिओपॅथीवाले आहेत, सर्दीचंच औषध देतात, दुसरं काही देत नाहीत.

शेवटी आली एकदाची शिंक. डॉक्टर बाहेर आले, माझ्याकडे न बघता वर कौलांकडे बघत म्हणाले, "वहिनी, ही सर्दी तुमची नाही. भिंतींची आहे. भिंतींना पुडी देता येत नाही." आणि मला औषध न देता परत पाठवलं. माझी ओळख नाही, पाळख नाही, नवी बिल्डिंग म्हणून सांगितलेलं नाही. घरी आल्यावर मी यजमानांना म्हटलं, तर ते म्हणाले, "चपलेला सिमेंट लागलं असेल." लागलं होतं खरं. पण चपला तर बाकड्याखाली होत्या.

डॉक्टर म्हणजे कॉलेज शिकलेले डॉक्टर नव्हेत. आयुष्य पोस्टात गेलं, पत्रं गावागावांप्रमाणे वेगळी करायच्या कामात. औषधाची विद्या पुस्तकं मागवून मागवून शिकलेली. त्यांचं औषधांचं कपाटही पत्रांच्या खणांसारखं होतं, छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात एक बाटली. बोलणंही पोस्टाचंच. कोणी आलं आणि नुसतं "सर्दी झालीय" म्हणालं की म्हणायचे, "अपुरा पत्ता." मग विचारायला लागायचे. कोणत्या नाकपुडीने सुरू झाली. घरात वाढते की वाऱ्यावर गेलं की वाढते. तहान लागते का, लागली तर घोटघोट की तांब्याभर. कोणी जवळ येऊन बसलेलं आवडतं का. स्वप्नात पाणी दिसतं का. आणि दिसलं तर ते वाहतं की साचलेलं.

अर्नाळ्याची एक कोळीण बाई लेकीला घेऊन आली होती. ती वैतागली. "डाक्तर, पोरीच्या नाकातशी पानी थांबत नाय, आनि तुमी सपनातला पानी काय इचारता?"

"पोरगी उशाशी कोण बसलंय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईचं तोंड उतरलं. हळूच म्हणाली, "माजी आय बसलेय, म्हनते. ती तं कवाच गेली."

"बस. पत्ता पुरा झाला," म्हणाले, आणि उठून कपाटातली एक बाटली काढली.

औषधांविषयी ते माणसांविषयी बोलावं तसं बोलत. एकाचं नाव काढलं की म्हणायचे, ही रडूबाई, हिला खिडकी उघडी लागते. दुसरं एक मिठापासून केलेलं होतं, त्याला म्हणायचे, हा मिठागरातला गडी, ह्याला कोणी समजूत घातलेली खपत नाही. कांद्यापासून केलेलं एक होतं, ते नाकाडोळ्यांतून पाण्याची धार लागलेल्यांना. फ्लूचं अंग मोडून टाकणारं दुखणं असलं की, "हाडं मोडल्यासारखी वाटतात की बडवल्यासारखी?" असा बारीक फरक करायचे. अंगात ताप असलेल्या माणसाला हे कसं सांगता येणार? पण सांगायचे लोक. त्यांच्यापुढे बसलं की सुचायचं.

त्यांचे दोन नेम मात्र लोखंडाचे. एक, गळ्याच्या खालचं औषध द्यायचं नाही. छातीला कान लावायचे, आणि आत जरा खरखर ऐकू आली की स्वतःच्या कंठावर बोट ठेवायचे. "इथपर्यंत माझी हद्द. पुढे दुसरं पोस्ट. आत्ताच्या आत्ता मोठ्या डॉक्टरकडे जा." असं म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. एकदा एकाने "उद्या नेतो" म्हटलं तर ह्यांनी त्याच्या म्हाताऱ्याला हाताला धरून स्वतः रस्त्यावर आणलं आणि रिक्षात बसवलं.

दुसरा नेम कापराचा. होमिओपॅथीच्या गोळ्यांना कापूर चालत नाही म्हणतात, औषधाचा गुण जातो. कांदा-लसूण, कॉफी, सेंट, हेही चालत नाही, पण त्याची त्यांना एवढी फिकीर नसे. कापूर मात्र उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचे नाहीत. आरती करून कोणी आलं की दाराआडूनच, "कापूर घरी ठेवून या." देवापुढे ते तुपाची वात लावायचे. गणपतीतसुद्धा कापूर नाही.

आणि पुडी देताना प्रत्येकाला दटावायचे, "सहाच्या सहा गोळ्या घ्यायच्या. एक मागे ठेवायची नाही." साबुदाण्यापेक्षा बारीक त्या गोळ्या. त्यातली एक कोण कशाला मागे ठेवील? पण सांगायचे. पोरं त्यांची नक्कल करायची, "एक मागे ठेवायची नाही." मला वाटायचं, असेल औषधातलं काही शास्त्र.

मी त्यांच्याकडे पुड्या बांधायला जायला लागले ती आमच्या मनूला शाळेत घातलं तेव्हापासून. शाळा नंदाखालच्या वाटेवर. तिला सोडायचं आणि दोन तासांनी आणायचं, मधल्या वेळात घरी जाऊन परत यायचं तर पायांचे तुकडे पडायचे. वाडीच्या तोंडाशी राहणारी फिलूमाय म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊन बस ना. पुड्या बांधायला कोणी नाही त्यांना." फिलूमाय तिथली जुनी ख्रिस्ती बाई, सत्तरीची, कानात सोन्याच्या जाड कुड्या, घरी तिच्या बोलीत बोलायची आणि माझ्याशी आमच्यासारखं. तीच मला म्हणाली, की पूर्वी पुड्या डॉक्टरांची बायको बांधायची. गोरी, नाजूक, हसरी बाई. तिला साधी सर्दी झाली. ह्यांनी पुड्या दिल्या. सर्दी छातीत उतरली, तरी ह्यांना वाटलं, उतरेल, आज उतरेल, उद्या उतरेल. अकराव्या दिवशी नेलं. तोवर उशीर झाला होता.

"तेव्हापासून ते गळ्याखाली उतरत नाहीत," फिलूमाय म्हणाली, आणि तिने स्वतःवर क्रूस काढला.

मी जायला लागले. कागदाचे चौकोन कापायचे, गोळ्यांना हात न लावता झाकणाने सहा सहा ओतायच्या, घडी घालायची. माझी घडी बघून ते पहिल्या दिवशी म्हणाले, "टोक आत घ्या. ती आत घ्यायची." तेवढंच. मी टोक आत घ्यायला शिकले.

सकाळी पहिली जी पुडी व्हायची ती कोणा पेशंटाची नसायची. त्यावर डॉक्टर पेन्सिलीने लिहायचे, "घरी". ती घेऊन आतल्या खोलीत जायचे आणि मागच्या खिडकीत ठेवायचे. त्या खिडकीतून बावखल दिसतं. बावखल म्हणजे वाडीच्या मधलं पाण्याचं खोल तळं, तिकडे वाड्यांना त्यातूनच पाणी देतात. खिडकीखाली एक आरामखुर्ची, तिच्यावर कोणी बसायचं नाही. मला वाटलं, देवाला ठेवत असतील. दुपारी बारा वाजता पेशंट संपले की ते आत जायचे, आणि मला ओटीवर ऐकू यायचं, "पोचली." मग तो उलगडलेला कागद मुठीत घेऊन बावखलाकडे जायचे, पाण्यात झटकायचे आणि परत यायचे.

एकदा मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, मुंग्या नेत असतील का हो?"

"मुंग्या घडी उलगडत नाहीत वहिनी," ते म्हणाले.

पण खरं सांगते, त्या घरात बसायला मला भीती वाटत नव्हती. दुसऱ्या कोणाच्या स्वयंपाकघरात आपण काम करतो आणि ती बाई आत कुठेतरी असते, तसं वाटायचं. जरा जपून वागायचं, एवढंच.

आता माझी चूक सांगते.

त्या वर्षी फ्लूची साथ आली. बोळिंजला घरटी एक माणूस आडवं. आमच्या मनूला ताप भरला, तीन दिवस उतरेना. पोर मेणासारखी दिसायला लागली. आमच्याकडे लहान मुलाला पडसं झालं की ओवा आणि कापूर फडक्यात बांधून गळ्यात अडकवतात. माझ्या आईने आम्हा सगळ्या भावंडांना तेच केलेलं. मीही केलं. पुरचुंडी बांधली, फ्रॉकच्या आत सोडली. आणि तशीच तिला कडेवर घेऊन डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, त्यांची पुडीही घेऊ आणि आपली पुरचुंडीही असू दे. एकाने नाही तर एकाने. आईचं मन असंच असतं, त्याला शास्त्र कळत नाही. उंबऱ्याशी मी थांबले सुद्धा. आता दाराआडून आवाज येणार, कापूर घरी ठेवून या. आवाज आला नाही. दार उघडलं तर डॉक्टरांचेच डोळे लाल आणि नाक चोंदलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनाच सर्दी झाली होती. त्यांना वास आलाच नाही.

त्यांनी मनूच्या छातीला पाठीकडून कान लावला, म्हणाले, "वरच आहे. भिऊ नका." पुड्या लिहायला बसले. मी त्यांना तापाच्या वेळा सांगत होते, तेवढ्यात बघते तर मनू शेजारी नाही. आतल्या खोलीत गेली होती. आरामखुर्चीसमोर उभी, तापाने डुलत.

"मनू, इकडे ये. कोणाशी बोलत होतीस?"

"त्या काकू उठून गेल्या," मनू म्हणाली.

"कोण काकू?"

"इथे बसलेल्या. म्हणाल्या, कसला गं वास? मग उठून गेल्या." आणि तिने बावखलाकडे बोट केलं.

मी पुड्या घेतल्या, तिला उचललं आणि तडक घरी आले. तापातलं बोलणं, म्हणून स्वतःला समजावलं. दोन दिवसांनी मनूचा ताप उतरला. पुडीने, कापराने, की उतरायचाच होता म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही.

चौथ्या दिवशी मी पुड्या बांधायला गेले. बारा वाजता डॉक्टर आत गेले. "पोचली" ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने बाहेर आले, तर पुडी हातात, जशीच्या तशी, टोक आत घेतलेली.

"परत आली," म्हणाले. "आज चौथा दिवस."

त्यांनी बाकड्यावरच्या प्रत्येकाला विचारलं, "मंगळवारी कापूर कोणाकडे होता?" सगळे नाही म्हणाले. माझ्याकडे वळले. मीही म्हटलं, "नाही हो."

त्यानंतर माणूस बघवेना. शिंक ऐकून गाव ओळखणारे डॉक्टर, आता लोक शिंकून शिंकून दमायचे तरी आतून प्रश्न यायचा नाही. दार उघडून मीच सांगायची, "डॉक्टर, पेशंट आलेत." बाटल्या भलत्या खणात जायला लागल्या. मिठागरातल्या गड्याच्या जागी रडूबाई. रोज बारा वाजता आत जायचे आणि मुठीत पुडी घेऊन यायचे. "परत आली." फिलूमायने केळफुलाची भाजी पाठवली तर तीही तशीच परत. ती मला म्हणाली, "हा माणूस पावसाळा काढत नाही बघ."

नऊ दिवस मी हे बघितलं. दहाव्या दिवशी कागद आणायला म्हणून आतल्या खोलीत गेले, खिडकीतली पुडी उलगडली आणि गोळ्या तोंडात टाकल्या. जिभेवर नुसती साखर. मेलेल्या बाईचं औषध आपण खाल्लं, असं मनात आलं. कागद उघडा करून तसाच ठेवला.

बारा वाजता डॉक्टर आत गेले. बराच वेळ काही आवाज नाही. मग आले. "पोचली," म्हणाले. बाकड्यावर बसले. माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "वहिनी, जरा चहा करता?" किती दिवसांनी त्यांनी काही मागितलं होतं.

मग रोज. एखादं व्रत घ्यावं तशी मी ती पुडी खात गेले. दोन महिने, अडीच महिने. डॉक्टर माणसात आले. दाराआडून पुन्हा प्रश्न सुरू झाले, बाटल्या आपापल्या घरी गेल्या. आणि माझी एक गंमत झाली. सकाळच्या शिंका बंद झाल्या. भिंती तशाच ओल्या, पण शिंका नाहीत. यजमान म्हणाले, "बरं झालं, कोणाच्या का औषधाने होईना." त्यांना मी सगळं सांगितलं होतं. त्यांचा ह्या गोष्टींवर विश्वास नाही, पण मनूला त्यांनी पुन्हा त्या खोलीत पाठवू दिलं नाही.

आणि मग एक दिवस मी डॉक्टरांच्या ओटीवर पुड्या बांधत असताना शिंकले.

माझी शिंक म्हणजे दणकट. एकच, पण पातेलं पडल्यासारखी. त्या दिवशी तशी नाही आली. लागोपाठ दोन आल्या, हलक्या, आणि जरा थांबून तिसरी, अगदी बारीक, माफी मागितल्यासारखी. ही कोणाची शिंक, असं माझं मलाच वाटलं. आणि आत खुर्ची पडल्याचा आवाज आला. दार धाडकन उघडलं. डॉक्टर उंबऱ्यात उभे. तो चेहरा मी कसा सांगू तुम्हाला? वीस वर्षांनी तरुण झालेला.

"आलीस?" म्हणाले.

मग त्यांना मी दिसले. हळूहळू सगळं तोंडावरून उतरलं. दिवा विझल्यावर वात लाल राहते ना, तेवढंच डोळ्यांत राहिलं.

"तुम्ही होय," म्हणाले, आणि दार लोटून घेतलं.

मी त्या दिवशी मनूला शाळेतून लवकरच उचललं. दुसऱ्या दिवशी कराडला चुलतभावाचं लग्न होतं, चार दिवस तिकडे गेले. लग्नात माझं लक्ष नव्हतं. एकच हिशोब मनात. आपण नाही, म्हणजे पुडी तशीच राहणार. आज परत आली, उद्या परत आली, परवा परत आली. आणि ह्या वेळी दुःख दुसऱ्यांदा, म्हणजे दुप्पट. ठरवलं, गेल्याबरोबर सगळं कबूल करायचं. मग ते हाकलून देवोत.

पाचव्या दिवशी गेले. पेशंट कोणी नव्हतं. डॉक्टर ओटीवर बसले होते, न्हाऊन, सदरा इस्त्रीचा. मी पायरीवरूनच सुरुवात केली, "डॉक्टर, मनूच्या गळ्यात कापूर होता. मी खोटं बोलले."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पुरचुंडीतला ओवा उंबऱ्यावर सांडला होता. मी झाडला."

"मग तुम्ही सगळ्यांना विचारत का होतात? मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून विचारत होतो. नाही सांगितलंत, तर ओढून काढायचं नव्हतं. पोर तापात होती. आईने तिच्या गळ्यात काय बांधलं, ते बोलून दाखवायचं नसतं."

मला रडू आलं. तशीच मी म्हणाले, "आणि पुडी इतके दिवस मी खात होते."

"तेही माहीत आहे. या, आत या."

आतल्या खोलीत खिडकीत चार कागद मांडून ठेवले होते. शेजारी शेजारी, उलगडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने "घरी". आणि प्रत्येक कागदाच्या घडीत एक एक गोळी.

"तुम्ही असता तेव्हा सहाच्या सहा जायच्या," डॉक्टर म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं मला. ती नेहमी एक मागे ठेवायची. चहाचा शेवटचा घोट ठेवायची, भाताचा घास ठेवायची, वेणीला फुलं काढली तर झाडावर एक ठेवायची. मी ओरडायचो, औषध तरी पुरं घे. ऐकलं नाही. शेवटच्या पुडीतसुद्धा एक राहिली होती." कागदांकडे बोट केलं. "हे चार दिवस तुम्ही नव्हता. पाच पाच गेल्या. बघा."

मी बघितलं. खिडकीबाहेर बावखलावर शेवाळाची साय आली होती, तिच्यावर एक पान पडून गरगरत होतं. वारा नव्हता.

"मग इतके दिवस मला खाऊ का दिलंत हो?"

"पुडी उघडी दिसली की बरं वाटायचं. कोणी का उघडेना. आपल्यासाठी कोणीतरी उघडते आहे, हे काय कमी आहे?" मग हसले, त्यांचं ते नाकातलं हसू. "आणि कापूर काय, डबीत झाकून ठेवला तरी उडतोच. वास जायला अडीच महिने लागले, एवढंच. आता तुम्ही थांबा. ती पोचतेय."

मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, त्यांनीच खाल्ल्या असतील पाच पाच. तुला मोकळं करायला." असेलही. माणूस तसा होता. पण मला एक सांगा, दोन्हींतलं कोणतं खरं असलं तर मला कमी भीती वाटावी?

त्यानंतर सहा-सात वर्षं मी पुड्या बांधत गेले. खिडकीतल्या पुडीला हात लावला नाही. एका श्रावणात त्यांनाच फ्लू झाला. मी गेले तेव्हा ओटीवर पिशवी भरून बसले होते. बोट कंठावर ठेवलं आणि हळूच छातीकडे खाली नेलं. हद्द ओलांडली होती. स्वतःच्या पायांनी रिक्षात बसले. जाताना म्हणाले, "आजची ठेवलीय खिडकीत." दवाखान्यातून ते परत आले नाहीत. त्या दिवशीची पुडी मी बघितली नाही. मला बघवली नसती. पुढे पुतण्यांनी जागा बिल्डरला दिली, आता तिथे चार मजले आहेत. बावखल बुजवलं.

मनूची मुलगी आता माझ्याकडे असते. ती म्हणते, "आजी, तुझी शिंक तीन तुकड्यांची आहे, दोन मोठे, एक छोटा." ती दणकट शिंक माझी पुन्हा कधी आलीच नाही. देवघरात मी कापूर ठेवत नाही, कोणी विचारलं तर धुराने खोकला येतो म्हणून सांगते.

दुपारी घरात कोणी नसतं. आतल्या खोलीचं दार वाऱ्याने लोटलेलं असतं. शिंक आली की, दोन आल्या आणि मग ती तिसरी बारीक आली की, मी तोंडावरचा पदर तसाच धरून थांबते. आत खुर्ची सरकल्यासारखं वाटतं. मग दार उघडायच्या आत मी घाईघाईने म्हणून टाकते, "मी आहे हो, डॉक्टर. मीच आहे."

पुन्हा त्यांचं तोंड उतरायला नको.